न सरकलेली टेकडी

माझी टेकडी सरकली. पूर्वाची जागची हलली नाही, आणि मला आनंद झाला.

हे वाक्य लिहायला मला अठरा वर्षं लागली, तेव्हा ते तसंच राहू दे. बुधवार होता, संध्याकाळचे साडेपाच. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत दुसऱ्या मजल्यावर मी 'फ्लो' नावाच्या यंत्रापुढे बसले होते. या यंत्रातून रक्तातल्या पेशी एकामागे एक जातात आणि पडद्यावर त्यांची एक टेकडी उभी राहते. पेशींना निरोप पोचला असेल तर टेकडी उजवीकडे सरकते, नसेल पोचला तर आहे तिथंच बसते. आमच्या लॅबमध्ये चहाला निघालेला माणूसही दुसऱ्याला 'सरकली का?' एवढंच विचारायचा. जेवलास का, बरा आहेस का, हे सगळं त्यातच आलं.

एक टेकडी माझ्या स्वतःच्या रक्ताची होती. निरोगी माणसाचं रक्त शेजारी तपासल्याशिवाय रुग्णाच्या रक्ताबद्दल काही बोलता येत नाही, त्याला 'कंट्रोल' म्हणतात, आणि त्या दिवशी त्यासाठी मी दंड पुढे केला होता. दुसरी टेकडी पूर्वा म्हेत्रेची. वय तीन वर्षं, राहणार इचलकरंजी.

जन्मलेल्या प्रत्येक बाळाला क्षयाची लस देतात. पूर्वाला ती लसच बाधली होती. लसीतले अर्धमेले जंतू इतर मुलांच्या अंगात आपोआप मरतात, हिच्या अंगात ते काखेतल्या गाठीपासून निघून हाडांपर्यंत पोचले होते. गोळ्यांनी थांबत होते, जात नव्हते. तिच्यावर उपचार करणारे डॉ. शिंत्रे यांना आमच्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. जंतू मारायचा हुकूम पेशींना इंटरफेरॉन गॅमा नावाच्या रसायनाकडून मिळतो. पूर्वाच्या पेशींना तो हुकूम ऐकू येतो का? येत असेल, तर तेच रसायन इंजेक्शनानं द्यायचं आणि मुलीला घरी न्यायचं. येत नसेल, तर उपाय एकच, तिच्या पाच वर्षांच्या भावाच्या हाडातला मगज काढून तिला द्यायचा. त्यासाठी आधी तिचा स्वतःचा मगज औषधांनी जाळावा लागतो, आणि अंगात जंतू असताना ती त्यातून उठेल याची खात्री कुणीच देत नव्हतं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात सोमवारचा पलंग धरून ठेवला होता. आमचा रिपोर्ट आला की हो किंवा नाही कळवायचं होतं.

मग आनंद कसला झाला? सांगते. माझ्या पीएचडीला चार वर्षं झाली होती आणि दाखवण्यासारखं हातात काही नव्हतं. पूर्वाच्या पेशींवर रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रथिन, जागेवर होता. तो मी वेगळा रंगवून बघितला होता. बाहेर रिसेप्टर आहे आणि आत निरोप जात नाही, म्हणजे बिघाड त्याच्या आतल्या टोकात. असा रुग्ण आमच्या लॅबमध्ये पूर्वी आलेला नव्हता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं मी त्याच संध्याकाळी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव टाइप करून ठेवलं.

पूर्वाची आई सकाळी आली होती. शालन म्हेत्रे. तिशीची असेल, अंगानं किडकिडीत, केसांत कापसाची कुसं अडकलेली. मुलगी कडेवर होती आणि आईच्या पदराचं टोक चोखत होती. खालच्या दवाखान्यात रक्त काढून झालं होतं, फॉर्म भरायचा राहिला होता.

"पूर्वाला गेल्या पंधरा दिवसांत कोणकोणती औषधं दिलीत?" मी विचारलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"औषधं. कोणती दिलीत?"

काही नाही. बाई मठ्ठ आहे, असं माझ्या मनानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. मी तोच प्रश्न तिसऱ्यांदा, पार जिन्यापर्यंत जाईल अशा आवाजात विचारला.

"वरडू नका मॅडम," ती म्हणाली. "कानात माग वाजाय लागलाय अजून. कांड्या भरायला असतो मी, मागाच्या शेडात. अर्धी रातपाळी केली आणि तशीच गाडीत बसलो." तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. "नुसते व्होट हलल्यालं दिसत्यात तुमचं."

"कधी थांबणार ते?"

हा प्रश्न मात्र तिला ओठांवरून कळला असावा. "उद्यापतोर. गप पडून ऱ्हायलं की जातंय."

उद्यापर्यंत थांबायला मला वेळ नव्हता. डॉ. शिंत्र्यांचं पत्र समोरच होतं, त्यात औषधांची यादी होती. फॉर्मच्या त्या रकान्यात मी लिहिलं, 'पत्राप्रमाणे'. आमच्याकडे हा शब्द सगळेच वापरत. रुग्णाचे नातेवाईक घाबरलेले असतात, नावं उलटसुलट सांगतात, पत्र कसं नीट टंकलेलं असतं. मी शालनची सही घेतली आणि मायलेकींना शिंत्र्यांच्या हॉस्पिटलात पाठवलं.

आता इनामदार मॅडमांबद्दल. लॅब त्यांची होती आणि त्या आठवड्यात त्या दिल्लीला बैठकीला गेल्या होत्या. त्यांचा एक नियम होता. रुग्णाच्या पेशी रक्तातून काढल्या की लगेच तपासायच्या नाहीत, दोन दिवस नुसत्या पोषक द्रवात ठेवायच्या. आमच्यात त्याला 'माहेरी पाठवणं' म्हणत. मी त्या दिवशी निम्म्या पेशी लगेच वापरल्या आणि उरलेल्या बशीत घालून इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या, तेही नियमासाठी नव्हे. उरलंसुरलं शुक्रवारच्या सफाईपर्यंत फेकायचं नाही, अशी पद्धत होती म्हणून.

टेकड्या बघून झाल्यावर मी मॅडमांना फोन केला.

"कंट्रोल कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं."

"सरकली?"

"छान सरकली. मुलीची जागची हलली नाही. रिसेप्टर बाहेर आहे, आत काही जात नाही."

"पेशी माहेरी ठेवल्या होत्यास?"

"शिंत्रे डॉक्टरांना उद्या सकाळी उत्तर हवंय, मॅडम. आणि तिला बाहेरून इंटरफेरॉन दिलेलंच नाही, मग गरज काय?"

"दिलेलं नाही? विचारलंस?"

"फॉर्मवर आहे," मी म्हणाले.

यातला शब्दही खोटा नव्हता, म्हणून तर तो इतक्या सहज तोंडातून गेला. मॅडम म्हणाल्या, "लिही मग." गुरुवारी सकाळी मी रिपोर्ट फॅक्स केला. दुपारी शिंत्र्यांनी मोठ्या हॉस्पिटलाला 'येतोय' म्हणून कळवलं.

शुक्रवारी तीन वाजता शालन शिक्क्याची मूळ प्रत न्यायला आली. मुलगी सोबत होती. पिपेटच्या टोकांचा एक रिकामा डबा मी तिला खेळायला दिला आणि तिनं त्याचं झाकण उघडमीट करायला सुरुवात केली. बुधवारी केसांत दिसलेली कुसं आता नव्हती, आणि ती माझ्या बोलण्याला लगेच मान हलवत होती. मला वाटलं, बाईला आता नीट समजावून सांगावं. खरं म्हणजे मला ते कुणाला तरी सांगायचंच होतं. चार वर्षांत सांगण्यासारखं पहिल्यांदा काही मिळालं होतं.

"हे बघा," मी म्हटलं, "आपल्या अंगातली पेशी म्हणजे एक घर धरा. निरोप्या येतो तो घरात येत नाही. तो बाहेरून कडी वाजवतो. कडी म्हणजे हा रिसेप्टर. कडी वाजली की दाराच्या आत दोघं झोपलेले असतात ते जागे होतात. त्यांना जॅक म्हणतात. ते आधी एकमेकांना ढोसतात, मग तिसऱ्याच्या पाठीत चापट मारतात. तो स्टॅट. तो उठतो आणि थेट माजघरात जाऊन सांगतो, जंतू मारायचं सामान काढा. पंधरा मिनिटांत हे सगळं होतं. त्या स्टॅटला चापट बसली का, तेवढं आमचं यंत्र बघतं."

"आणि हिच्या घरात?"

"कडी आहे. पण वाजवली तरी आत कुणी जागं होत नाही."

शालननं हे मनाशी घोळवलं. "म्हणजी ते इंजेक्शन हिला चालायचं न्हाई?"

"चालणार नाही असं नाही. दिलं काय, न दिलं काय, सारखंच. तिच्या पेशींना ते आलंय हेच कळणार नाही."

"मग ताप का आला?"

"कसला ताप?"

"इंजेक्शनचा. दोन्ही खेपेला आला की. टोचलं की चार तासानं हुडहुडी भरायची, अंग असं तापायचं की हात लावू देईना. सकाळी उतरायचा."

"कोणतं इंजेक्शन?"

"हेच की, जे चालणार न्हाई म्हणताय. गावातल्या डॉक्टरांनी दिलं, सोमवारी आणि मंगळवारी. त्यांच्याकडं बरफात दोन बाटल्या ठेवल्याल्या हुत्या, दुसऱ्या एका पेशंटच्या ऱ्हायलेल्या. म्हणालं, पुण्याला जाईपतोर देऊन बघू, जरा बळ ईल."

मी नाव विचारलं. तिनं पिशवीतून एक चुरगळलेलं खोकं काढलं. आत पोरीच्या रबरी बांगड्या भरल्या होत्या. खोक्यावर इंटरफेरॉन गॅमा असं लिहिलं होतं.

"हे मला बुधवारी का नाही सांगितलंत?"

"बुधवारी मला ऐकूच येत नव्हतं," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "सांगितलं हुतं की तुम्हाला. उद्या येतंय म्हणून."

ज्या पेशींना निरोप ऐकूच येत नाही, त्यांच्या मालकिणीला त्या निरोपानं थंडी वाजून ताप येत नाही. एकदा आला असता तर योगायोग म्हटलं असतं. दोनदा, दोन्ही वेळा चार तासांनी. पूर्वाच्या पेशींनी हुकूम ऐकला होता, मंगळवारी चांगला कडकडून ऐकला होता. आणि हुकूम ऐकला की पेशी काय करते, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवत होते. ती आतून खिट्टी घालते. तसं केलं नाही तर जंतू मारण्याच्या नादात पेशी स्वतःचंच घर जाळेल. खिट्टी निघेपर्यंत कितीही कडी वाजवा, आत हालचाल नाही. दोन दिवस शांत ठेवलं की खिट्टी आपोआप निघते. म्हणूनच मॅडमांचा तो नियम होता, आणि मी तिच्या पेशींना खिट्टी लावलेली असताना जाऊन कडी वाजवली होती.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. एक गोष्ट लपवत नाही. त्या क्षणी माझ्या मनात आधी तिसऱ्या प्रकरणाचं नाव आलं, आणि हेही आलं की रिपोर्ट गेलेला आहे, पलंग ठरलेला आहे, आणि या बाईला कुणी पुन्हा काही विचारणार नाही. मग पूर्वानं डब्याचं झाकण खटकन लावलं आणि मी तिच्याकडे बघितलं.

"पाच-साडेपाचपर्यंत थांबाल?" मी शालनला विचारलं.

"का?"

"मला एकदा परत बघायचंय."

ती रिपोर्टच्या पाकिटासाठी पुढे केलेला हात मागे घेऊन बाकावर बसली.

सफाई चारला असायची. मी इन्क्युबेटर उघडून पूर्वाची बशी काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी जिवंत होत्या, गोल, चकचकीत. बुधवारपासून दोन दिवस त्या गुपचूप पडून होत्या. मी त्यांचे दोन भाग केले. एकाला काही दिलं नाही, दुसऱ्याला इंटरफेरॉन दिलं आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं. नंतरचं काम दोन तासांचं, त्यात घाई करता येत नाही. पेशी जागच्या जागी गोठवायच्या, गार मिथेनॉलनं त्यांच्या भिंतींना भोकं पाडायची, रंग आत सोडायचा, धुवायचं, परत धुवायचं. दोनदा दार लोटून मी व्हरांड्यात बघून आले. शालन भिंतीला टेकून बसली होती. पोरगी तिला बांगड्या घालत होती.

साडेपाचला फ्लोवर पहिली टेकडी आली, काही न दिलेली. ती डावीकडे होती, असायला हवी तिथं. मग दुसरी नळी लावली. पेशी एकेक करून जात होत्या, पाचशे, हजार, दोन हजार. मधे काही ठरेना. पाच हजारांवर टेकडी स्पष्ट दिसायला लागली. ती उजवीकडे होती. माझी सरकली होती तेवढीच.

मी रडले. कशासाठी ते त्या वेळी मला वेगवेगळं करता आलं नाही. शरम होती, सुटका होती, आणि हो, चार वर्षांत हाती आलेली एकच गोष्ट गेली त्याचं दुःखही होतं. तेही तिथंच होतं.

मागे दार वाजलं. इनामदार मॅडम विमानतळावरून थेट लॅबमध्ये आल्या होत्या, हातात बॅग होती. त्या पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"कुणाची?"

"पूर्वाची."

"बुधवारी हलली नव्हती म्हणालीस."

"बुधवारी मी विचारलं नव्हतं, मॅडम. फॉर्मवर पत्राप्रमाणे लिहिलं. तिला दोन दिवस इंटरफेरॉन दिलेलं होतं."

त्या रागावतील अशी मी वाट बघत होते. त्यांनी बॅग खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि दोन्ही टेकड्या एकीवर एक ठेवून नीट बघितल्या.

"मीही 'लिही' म्हणाले," त्या म्हणाल्या. "शिंत्र्यांना फोन कुणी करायचा?"

"मी करते."

"कर. काही सजवू नकोस."

मी काही सजवलं नाही. शिंत्रे म्हणाले, "पलंग सोडतो. पण तुम्ही परत विचारलंत, हे बरं झालं."

"मी नाही विचारलं, डॉक्टर," मी म्हटलं. "आईनं विचारलं."

पूर्वाचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, उगाच टांगून ठेवायला नको. बिघाड होता, पण एक पायरी अलीकडे. ज्या पेशींनी इंटरफेरॉन सोडायचं त्यांनाच 'सोड' हा हुकूम कळत नव्हता. तिच्या अंगात ऐकणारे धडधाकट होते, हुकूम सोडणाऱ्यांचे कान गेले होते. बाहेरून इंजेक्शन देणं हाच त्यावरचा उपाय होता. आठवड्याला तीन, दोन वर्षं. हे सगळं शोधून काढलं दुसऱ्या एका लॅबनं, माझा प्रबंध वेगळ्याच विषयावर झाला आणि कुणाला फारसा आठवतही नाही. पूर्वा आता इचलकरंजीतच कापडाच्या डिझाइनचं शिकते. गेल्या दिवाळीला तिनं मला स्वतः काढलेल्या नक्षीचा रुमाल पाठवला, टेकड्यांचा. टेकड्यांचं तिला मी कधी सांगितलं नव्हतं. इचलकरंजीच्या आसपासही टेकड्या असणारच, म्हणून मी काही विचारलं नाही.

माझ्या स्वतःच्या लॅबमध्ये आज फॉर्मवर औषधांचा रकाना नाही. तिथं लिहिलंय, 'आईला विचारलं का? केव्हा?' नवी मुलं त्याला हसतात. हसू देत.

शिंत्र्यांचा फोन ठेवून मी व्हरांड्यात गेले. पूर्वा आईच्या मांडीवर झोपली होती, मूठभर बांगड्या अजून हातात धरून. मी शालनशेजारी बसले.

"रिपोर्ट चुकला होता," मी म्हटलं. "चूक माझी आहे. पूर्वाच्या पेशींना इंजेक्शन कळतंय. सोमवारी कुठं जायचं नाही. तुमच्या मुलाला सुई लावायची नाही."

ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. चेहरा हलला नाही. बुधवारी बघत होती अगदी तशीच. तेच वाक्य, आणखी मोठ्यानं, माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि गप्प बसले. तीन वर्षं वेगवेगळ्या डॉक्टरांनी तिला काय काय ऐकवलं असेल, ते मी त्या बाकावर बसून पहिल्यांदा मोजायला लागले. मोजता आलं नाही. जिन्यावरून कुणी तरी बादली घेऊन गेलं. पूर्वानं कूस बदलली, एक बांगडी खाली पडून गडगडत गेली, ती उचलून मी बाकावर ठेवली.

दहा मिनिटं तरी झाली असतील.

"मॅडम," शालन म्हणाली, "आता सांगा परत. मघाशी ऐकू आलं न्हाई."

मी परत सांगितलं, हळू आवाजात, पहिल्यापासून.